हरणाऱ्याने कॉफी पाजायची

रविवार, २ मार्च

अनेलीसने नाताळची भेट म्हणून पाठवलेली ही वही काल पोस्टाने आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. सोबत चिठ्ठी : "रेगुला, तिकडे एकटी भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा यात लिहीत जा." माझी बहीण माझ्याहून लहान, पण सल्ले देते आईच्या थाटात. मी भिंतीशी बोलत नाही. कधीकधी पंख्याशी बोलते, तेही तो घरघर करायला लागला तरच.

चिठ्ठीत खरी गोष्ट शेवटी होती. तिकडे स्वित्झर्लंडात तिच्या इमारतीतलं खालचं घर जूनमध्ये रिकामं होतंय. एप्रिलअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. माझा नवरा ऊली जाऊन तीन वर्षं झाली, आता थायलंडात एकटीने काय करायचंय, असं तिचं म्हणणं. ऊलीच्या सांधेदुखीसाठी आम्ही या समुद्रकाठच्या गावी आलो हे खरंच आहे. पण मला इथेच राहायचंय. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे पुढे अनेलीसने फोनवर गोंधळ उडवला तर वाचता येईल. का राहायचंय, ते मात्र सांगता येत नाही. समुद्रासाठी म्हणावं तर मला पोहता येत नाही.

आज बाजारातून येताना एका कुत्र्याला वाचवायला गेले आणि सायकलवरून गवतात पडले. सायकलला काही झालं नाही, मला झालं. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा आणि डोळ्याखाली खरचटलंय. संध्याकाळी शेजारच्या ख्रू लमाई कुंपणाशी आल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलं म्हणून सारी गल्ली त्यांना ख्रू म्हणते, म्हणजे आपल्या बाई. हातात हिरव्या मलमाची बाटली.

"कशाने झालं?"

"पडले."

"कशावरून?"

"सायकलवरून."

त्यांनी माझ्या सायकलकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून ठणठणीत उभी. मग माझ्या डोळ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाल्या, आणि बाटली माझ्या हातात ठेवून गेल्या. शिक्षकांना कुणाचं काही खरं वाटतच नाही. चौकस बाई आहे. मलम मात्र चांगलं आहे.

मंगळवार, ४ मार्च

मंगळवार म्हणजे यास, आमच्या स्वित्झर्लंडातला पत्त्यांचा खेळ. दुपारी जेवणं झाली की माझ्या ओसरीवर आम्ही चौघे. कास्पर श्वीत्सचा, जन्मभर औषधाचं दुकान चालवलेला, त्यामुळे पत्तेसुद्धा मोजून-मापून टाकतो. त्याची बायको वानपेन इथलीच. पूर्वी तिची शेवयांची खानावळ होती. यास ती एका उन्हाळ्यात शिकली आणि आता आम्हा तिघांना पाणी पाजते. चौथा बाल्त्स, ग्लारुसचा, घरांवर कौलं घालणारा. वरून खालच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची त्याला जन्माची सवय. खाली कुणी नसलं तरी तो तसाच बोलतो. ऊली असताना तो आमच्याविरुद्ध खेळायचा, आता माझा भिडू आहे.

आज मी घंटेचं पान टाकलं (घंटा हा आमच्या पत्त्यांतला एक रंग) आणि तो उसळला.

"रेगुला! घंटा? आत्ता? डोकं घरी ठेवून आलीस का?"

"हे माझंच घर आहे."

"मग इथेच कुठेतरी असेल! शोध!"

आणि त्याने ओकफळाचा गुलाम असा आपटला की कपबशा नाचल्या. आमच्याकडे हुकुमाचा गुलाम राजालाही मारतो, आणि तो टाकायचा म्हणजे मूठ आवळून, टेबलावर ठोकून. हळू ठेवला तर माणूस आजारी आहे असं समजतात. मीही काही कमी नाही, हात दुखत होता तरी.

डाव संपत आला होता, तेवढ्यात फाटकाशी ख्रू लमाई. हातात झाकलेला वाडगा, आत नारळाच्या दुधातला भात. माझ्या खांद्यावरून त्या आत बाल्त्सकडे बघत होत्या. त्याची मूठ नेमकी तेव्हा वर होती.

"हा माणूस नेहमी येतो?"

"दर मंगळवारी."

"दर मंगळवारी असंच?"

"अगदी नेमाने," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. आवाजाची तक्रार करायची असणार, पण तोंडावर बोलायचा धीर होत नसणार. त्यापेक्षा सरळ सांगावं. मी तिकीट तपासनीस होते, भांडण मला नवं नाही.

बाल्त्सने जाताना न विचारता माझ्या सायकलचे ब्रेक काढले, घासले, बसवले. वर म्हणाला, "पुन्हा बाजारात जायचं असलं तर मला सांग, मी आणून देईन." मी म्हटलं, मला दोन पाय आहेत. त्याला कामाशिवाय करमत नाही, दुसरं काय.

बुधवार, १२ मार्च

काल जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यात नुसता चिवडा होईल.

डाव रंगात होता. आम्ही पुढे होतो. बाल्त्सने हुकुमाची नव्वी ठोकली, "घे!" असा ओरडला, आणि फाटकातून पोलीस आत आले. एक जाडा हवालदार आणि एक तरुण पोलीस बाई. माझं पहिलं काम म्हणजे त्यांना बसायला सांगणं. पण पोलीस बाईने माझा दंड धरला, हळूच, आणि मला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून घेतलं.

"तुम्हाला इथे कुणी त्रास देतं का? घाबरू नका. खरं सांगा."

प्रश्न जरा विचित्र होता, पण विचारलंच म्हणून सांगितलं. "हो. बाल्त्स देतो. गेली तीन वर्षं."

"काय करतो?"

"माझं ऐकतच नाही. मी एक टाकावं, त्याने भलतंच टाकावं."

तिने माझा हात उलटासुलटा करून पाहिला, जखम आता पिवळी पडत चाललीय. आल्या आल्या स्वयंपाकघरात का नेलं, ते अजून कळलं नाही. झडतीची इथली पद्धत असावी.

आम्ही बाहेर आलो तोवर हवालदाराचं लक्ष टेबलावर गेलेलं. हिरवं लोकरी कापड, त्यावर पत्ते, शेजारी पाटी आणि खडू. त्याचे डोळे चमकले. त्याने पत्ता उचलून नाकाशी धरला. "हा कुठला जुगार?" आमच्या पत्त्यांत बदाम-चौकट काही नसतं. ओकफळं, घंटा, गुलाब आणि ढाली. असले पत्ते त्याने जन्मात पाहिले नव्हते. या देशात पत्त्यांच्या जोडावर सरकारी शिक्का लागतो. आमचे जोड मी आमच्या गावाहून, वॉटविलहून, सामानात आणलेले, शिक्का कुठून येणार? मग त्याने पाटी उचलली. आम्ही गुण रेघांनी लिहितो. वरच्या ओळीवर शंभराची रेघ, तिरप्या ओळीवर पन्नासाची, खालच्या ओळीवर विसाची. वानपेनने हे त्याला नीट समजावून दिलं, आणि समजावता समजावता तिचाच चेहरा बदलला. शंभर, पन्नास, वीस. इथल्या नोटाही नेमक्या तेवढ्याच्या असतात. हवालदार पाटीकडे बघून नोटा मोजायला लागला.

चौघांना ठाण्यावर नेलं. तिथे कास्परने जबाब दिला, "आम्ही म्हातारी माणसं. वेळ घालवायला खेळतो. पैज वगैरे काही नसते." वानपेनने तेच सांगितलं. बाल्त्सने मान हलवली. लिहिणारा लिहीत होता.

आणि मी म्हटलं, "हे खरं नाही. पैज असते. हरणाऱ्या जोडीने कॉफी पाजायची."

वानपेनने भाषांतर केलं नाही. तेव्हा मीच ते थाईत सांगितलं. माझं थाई बाजारहाटापुरतं, कोथिंबिरीच्या जागी मिरची मागणारी मी, पण नेमकं ते वाक्य मात्र बिनचूक आलं. लिहिणाऱ्याने मान वर केली, हसला आणि नवीन पान घेतलं.

सगळी नोकरी लोकांना "तिकीट आहे की नाही, तेवढंच सांगा" असं बजावण्यात गेली. मी खोटं कसं बोलणार? पण माझ्या पायावर धोंडा पडला तो पडला, बाकीच्या सहा पायांवरही पडला.

गुरुवार, १३ मार्च

वानपेन येऊन सगळं समजावून गेली. वस्तू असो, पैसा असो, हरणाऱ्याने काही द्यायचं ठरलं की कायद्याने तो जुगार. कॉफीसुद्धा. आता कागद वर जाणार. आम्हा परदेशी लोकांना इथे राहायची परवानगी वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते, माझी आणि बाल्त्सची दोघांचीही जूनमध्ये संपते. नावावर जुगाराचा गुन्हा असला तर वाढवून देतीलच असं नाही.

"आणि कास्पर?"

"त्याला मी आहे. पण तुम्हा दोघांना कोण आहे, पी रेगुला?" ती मला पी म्हणते, थोरली बहीण. मग म्हणाली, "कॉफीचं बोलायची काय गरज होती? तुमच्या गावात तोंडाला कुलूप मिळत नाही का?"

"मिळतं. पण किल्ली दुसऱ्याकडे द्यायची पद्धत नाही."

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. बाल्त्सचा काल दिवसभर फोन नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पोलिसांना कुणी बोलावलं ते कळलं. ख्रू लमाईंनी. वानपेनच्या चुलतभावाची बायको ठाण्याशेजारी चहा विकते, तिच्याकडून.

म्हणजे मलम, भात, गोडगोड बोलणं, आणि पाठीमागून हे! आवाजाचा त्रास होता तर सांगायचं. माझ्या वॉटविलच्या इमारतीत रविवारी कपडे धुतले म्हणून खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात चिठ्ठी लावायची. तेही वाईट, पण निदान तिची सही असायची.

संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. पुन्हा वाडगा. यावेळी सोबत कागदाचा चिटोरा, त्यावर त्यांचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत. "केव्हाही फोन करा. दिवसा, रात्री. मी जागी असते. दाराला कडी लावू नका, मी येईन."

मी म्हटलं, "तुम्ही जे करायचं ते केलंत. आता काही करू नका." वाडगा झाकणासकट परत दिला आणि दाराला कडी लावली. त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. पडद्याआडून दिसत होत्या. किती निगरगट्ट असावं माणसाने!

मंगळवार, १८ मार्च

आज डाव नाही.

दुपारी सवयीने हिरवं कापड अंथरलं आणि मग घडी करून ठेवलं. पत्ते ठाण्यात आहेत. ऊली गेला त्या आठवड्यातही आम्ही मंगळवार चुकवला नव्हता. बाल्त्सच म्हणाला होता, "बस. पत्ते पिस. बोलू नकोस." मी पत्ते पिसत होते आणि रडत होते आणि तिघेही आपापल्या पानांत डोकं घालून बसले होते. कुणी एक शब्द काढला नाही. अनेलीसने त्या आठवड्यात मला रोज फोन केला, रोज बोलली, आणि त्यातलं आज काही आठवत नाही.

मला भीती वाटते. शिक्षेची नाही. शिक्षा भोगता येते. जूनमध्ये मला विमानात बसवतील आणि मंगळवार म्हणजे नुसता मंगळवार उरेल, याची वाटते.

बाल्त्स रस्त्यावरून तीनदा गेला. एकदा इकडून, एकदा तिकडून, पुन्हा इकडून. हातात काही नव्हतं. काहीतरी हरवलं असावं त्याचं.

शुक्रवार, २१ मार्च

ठाण्यातून निरोप. इन्स्पेक्टर थनोंग नवीन आहेत, ईशान्येकडून बदलून आलेत. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाले, बंदी असलेल्या खेळांच्या यादीत हा खेळ नाही. ज्याचं नावही कळत नाही त्याचा गुन्हा कसा लिहू? मंगळवारी चौघे या, माझ्यासमोर खेळून दाखवा. तक्रार करणारीलाही बोलावलंय.

बाल्त्सला फोन केला. दहा दिवसांत पहिल्यांदा आम्ही बोललो.

"चिडलायस?"

"हो."

"किती?"

"तू परत गेलीस तर फार चिडेन," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. म्हणजे मी परत जाणं हाही माझाच दोष! या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

मंगळवार, २५ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट आलं तर येऊ दे.

ठाण्यात मधोमध टेबल मांडलं होतं. आमचेच पत्ते, पाकिटातून काढून दिलेले. इन्स्पेक्टर थनोंग खुर्ची ओढून बसले. जाडा हवालदार, ती पोलीस बाई, आणखी दोघेतिघे भिंतीला टेकून. ख्रू लमाई कोपऱ्यात, इस्त्रीचा पोशाख, मांडीवर पर्स. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आम्ही खेळायला लागलो. चर्चमध्ये बसल्यासारखे. पत्ता ठेवायचा, हात मागे घ्यायचा. वानपेन एकेक हात इन्स्पेक्टरना समजावत होती. ते ऐकत होते, पण कपाळाला आठी होती.

"तक्रारीत आरडाओरडा लिहिलाय. आपटाआपटी लिहिलीय. तुम्ही तर प्रार्थना करताय."

वानपेन म्हणाली, "साहेब, आज जरा..."

"मला खरा खेळ बघायचाय. मंगळवारी घरी खेळता तसा. नाहीतर मी काय लिहू?"

बाल्त्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं तेच दाखवायचं, त्यात घाबरायचं काय? आणि त्याच हाताला माझी खरीच चूक झाली. गुलाबाचा राजा ठेवायचा तो मी टाकून बसले.

"रेगुला!" छताचे पंखे हलले. "तुला किती वेळा सांगायचं! किती वेळा!" तो खुर्चीवरून अर्धा उठला, मूठ वर गेली.

मग काय झालं ते मी नीट पाहिलं नाही. पर्स पडल्याचा आवाज आला. ख्रू लमाई माझ्या आणि बाल्त्सच्या मध्ये उभ्या होत्या. त्या त्याच्या छातीपर्यंतसुद्धा येत नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं, वर, जसंच्या तसं, आणि थाईत काहीतरी ओरडत होत्या. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत. बाल्त्सने जरा झटकलं असतं तर त्या भिंतीवर गेल्या असत्या. तो हलला नाही. पत्ता बोटांत तसाच.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

वानपेनचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणतायत, पोलिसांसमोरसुद्धा तिच्यावर हात उगारतोस?"

माझ्या डोक्यात एकेक हात उलटत गेला. काळानिळा हात. एक ओरखडा नसलेली सायकल. "दर मंगळवारी असंच?" आणि मी म्हणाले होते, "अगदी नेमाने." पोलीस बाई, बंद दार, "त्रास देतं का," आणि मी मूर्ख, "हो, गेली तीन वर्षं." दाराला कडी लावू नका, मी येईन.

जुगारासाठी त्यांनी कुणाला बोलावलंच नव्हतं.

मला थाईत एक शब्द आठवेना. मग मी बाल्त्सच्या बोटांतून तो ढालीचा गुलाम काढून घेतला आणि माझी मूठ आवळून, जीव खाऊन टेबलावर ठोकला. हवालदार दचकला. मी पुन्हा उचलला, पुन्हा ठोकला. "हे!" मी म्हटलं. "हे, ख्रू. पत्ता. मला नाही. टेबलाला." तिसऱ्यांदा ठोकला तेव्हा मला रडू फुटलं.

ख्रू लमाईंनी पत्त्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. वानपेन भराभर सांगत होती, सायकल, कुत्रा, सगळं. त्यांनी बाल्त्सचं मनगट सोडलं. मग एवढ्याशा झाल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बाल्त्सला वानपेनने जर्मनमध्ये समजावलं, आणि तो पांढराफटक पडला. "मी? तुझ्यावर हात उगारीन? रेगुला, तुझ्यावर?"

"कुणावरच उगारू नये माणसाने," मी म्हटलं.

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. एवढा धिप्पाड माणूस, पाठमोरा, डोळे पुसत होता. इतकं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं, मला समजलं नाही. बाई चुकली, कळलं, संपलं.

इन्स्पेक्टर थनोंग खिडकीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. वळले तेव्हा चेहरा सरकारी होता. "हा डाव हरलं कोण?"

"आम्ही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

"मग आता कॉफी?"

वानपेन चटकन म्हणाली, "नको साहेब. पुरावा होईल."

बुधवार, २६ मार्च

सकाळी आमच्याकडचा वेणीसारखा गुंफलेला पाव भाजला आणि ख्रू लमाईंकडे गेले. फाटक उघडंच होतं. मी परत दिलेला तो वाडगा त्यांच्या ओट्यावर पालथा घातलेला दिसला आणि फार लाज वाटली.

"मला माफ करा," मी म्हटलं. हे शब्द वानपेनकडून घोकून घेतले होते.

"माफी तर मीच मागायला हवी," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या माणसाला मी राक्षस ठरवलं. आणि तुम्हाला पोलिसांत नेलं."

"कॉफीचं मीच सांगितलं."

"कळलं मला. ठाण्यात सगळे सांगत होते." त्या हसल्या. मग पाव हातात धरून म्हणाल्या, हळू, मला कळेल अशा सोप्या शब्दांत, "माझी धाकटी बहीण दोन घरं सोडून राहायची. आवाज यायचे. मी रेडिओ मोठा करायची. घरगुती गोष्ट, आपण कशाला बोलायचं. आता ती नाही. म्हणून या वेळी फोन केला. चुकीचा केला, पण केला."

त्यांचा हात धरून बसले. त्यांनी पाव तोडला आणि पहिला तुकडा मला दिला.

माझ्यासाठी कुणी कधी असं मध्ये पडलं नव्हतं. वॉटविलला आम्ही त्या इमारतीत जन्म काढला. तिथल्या कुणाला खाली ओरडणं ऐकू आलं असतं तर जिन्यात चिठ्ठी लागली असती.

गुरुवार, १० एप्रिल

निकाल लागला. इन्स्पेक्टरांनी वर लिहून पाठवलं की खेळ बघितला, जुगाराचा हेतू नाही, कॉफी हा म्हाताऱ्यांचा पाहुणचार समजावा. तक्रारही ख्रू लमाईंनी स्वतः मागे घेतली. बिनशिक्क्याच्या पत्त्यांचा मात्र दंड, आणि पत्ते जप्त. तो दंड मी भरला आणि पावती घेतली. दंड योग्यच होता. शिक्का नाही म्हणजे नाही, तिकिटासारखंच आहे ते.

जूनच्या परवानगीला आता काही आडकाठी नाही, असं इन्स्पेक्टरांनी मला आणि बाल्त्सला समोर बसवून सांगितलं. मी त्यांना तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आजी, आता घरी जा."

अटी दोन. शिक्क्याचेच पत्ते, आणि हरणाऱ्याने कुणालाही काहीही पाजायचं नाही. शिक्क्याचे पत्ते म्हणजे बाजारातले, बावन्न पानी. त्यातली पंजीपर्यंतची लहान पानं काढून टाकली की आपला जोड होतो, हे खरं. पण बाल्त्सचं तोंड कडू झालं.

"इस्पिक, बदाम, किलवर, चौकट! तिकडे बर्नचे लोक असल्या पत्त्यांनी खेळतात तसं! माझ्या आजोबांनी पाहिलं असतं तर?"

"तुझ्या आजोबांना इथली परवानगी लागत नव्हती," मी म्हटलं.

मंगळवार, २२ एप्रिल

सकाळी अनेलीसला फोन केला. ते घर दुसऱ्या कुणाला देऊन टाक म्हटलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, "निदान हिवाळ्यात मी तुझ्याकडे येऊ का?" मी म्हटलं, ये, पण सोबत पत्ते आणू नकोस.

दुपारी डाव. प्रत्येकाने आपापल्या थर्मासात आपापली कॉफी आणलेली, आणि दुसऱ्याच्या कपाकडे कुणी बघायचंसुद्धा नाही असं वानपेनने फर्मान काढलेलं. ख्रू लमाईंना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, जन्मभर मुलांचे पत्ते काढून घेतले, आता हातात धरवणार नाहीत. त्यांचं आंब्याखालचं बाकडं मात्र त्यांनी कुंपणाच्या अगदी जवळ ओढून घेतलंय.

खेळ काही जमेना. इस्पिक म्हणजे ढाल की ओकफळ, यातच अर्धा वेळ गेला. आणि बाल्त्स पत्ते असे ठेवत होता, जणू खाली अंडी आहेत. एक शब्द नाही. मी चूक केली तरी नाही. मी मुद्दाम आणखी एक केली, तरी तो नुसता माझ्याकडे बघत बसला. कास्परने विचारलं, तब्येत बरी आहे ना. मला तर भीतीच वाटली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. "रेगुला! अगं, आज आवाज का येत नाही? काय झालं? मी येऊ का?"

वानपेनने बाल्त्सला त्याचा अर्थ सांगितला. बाल्त्सने कुंपणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हातात हुकुमाचा गुलाम होता.

"ठोक," मी म्हटलं.

त्याने असा ठोकला की चारही थर्मास उडाले, आणि पलीकडे ख्रू लमाई टाळ्या वाजवून हसल्या. फक्त त्या हाताला माझा राजा पडला होता. त्या गाढवाने स्वतःच्या भिडूचा राजा मारला होता, आणि मी उठून उभी राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याला सुनावलं.